वाट्याचं पाणी

बालीतल्या जातिलुविहची भातखाचरं बघायला आलेले बहुतेक प्रवासी वरच्या रस्त्यावरून फोटो काढून परततात. मी खाली उतरलो, कारण मला पाट बघायचा होता.

पाटात एक लाकडी ओंडका आडवा टाकला होता. त्याच्या वरच्या कडेला दोन खाचा, एक वीतभर रुंद, दुसरी तिच्या निम्मी. दोन्हींचा तळ मात्र एकाच पातळीत. हा तेंबुकू. पाट भरून वाहो की आटून करंगळीएवढा होवो, रुंद खाचेतून साधारण दोन वाटे जातात, अरुंद खाचेतून एक. ना झडप, ना मीटर. लबाडी करायची तर खाच रुंद करावी लागेल, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल.

पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या या संघटनेला ‘सुबाक’ म्हणतात. लावणी कधी, पाणी कधी, हे जलमंदिरांत ठरतं. युनेस्कोने 2012 मध्ये या व्यवस्थेला जागतिक वारसा मानलं.

पण वरच्या शेतकऱ्याने खालच्याला पाणी सोडावंच का? भक्तिभाव आहेच, पण दुसरं कारण किडीत आहे. आजूबाजूची सगळी खाचरं एकाच वेळी कापून मोकळी ठेवली, की तुडतुड्यांना खायला काही उरत नाही. पाण्याअभावी खालच्याची लावणी मागेपुढे झाली, तर त्याच्या शेतात वाढलेली कीड वर येते. खालच्याला पाणी हवं, वरच्याला कीड नको. दोघांचं जमतं ते इथे.

1970च्या दशकात हरितक्रांतीच्या उत्साहात जमेल तितकी पिकं घ्या, असं शेतकऱ्यांना सांगण्यात आलं. मंदिरांचं वेळापत्रक मोडलं. पाण्याची ओढाताण झाली, तुडतुडे माजले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांवरचे 172 सुबाक संगणकावर मांडले. नियम एकच: शेजाऱ्यांपैकी ज्याला जास्त पिकलं, त्याचं वेळापत्रक उचलायचं. थोड्याच वर्षांच्या हिशेबात जी जुळणी तयार झाली, ती जलमंदिरांच्या जाळ्याशी मिळतीजुळती निघाली! वरून कुणी आखून न देता एवढी शिस्त उभी राहते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज बालीत अनेक खाचरांच्या जागी व्हिला उभे राहत आहेत. उरलेली खाचरं बघायला गेलात तर बांधाच्या कडेवर पाय देऊ नका. ओला बांध खचला की वरच्या खाचरातलं पाणी वाहून जातं. आणि परतताना तिथला लाल तांदूळ पिकवणाऱ्याकडूनच विकत घ्या.