टोचलेल्या लशीचे पुढे काय होते?

भिवंडी म्हटली की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. शहराला लागून असलेल्या शेलार गावातही तो ऐकू येतो. मागांवर काम करायला दूरदूरची माणसे येतात, भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड थाटतात, काही महिन्यांनी गावी जातात आणि पुन्हा येतात. लेकरेही त्यांच्याबरोबर येतात-जातात. अशा वस्तीत लसीकरणाच्या दिवशी आशाताई दारी आली, की एक संवाद हमखास होतो.

"अहो ताई, पोराला टोचून झालंय. मागच्या वर्षीच टोचलं!"

"ती पहिली मात्रा झाली, वहिनी. दुसरी राहिली आहे."

"एकदा औषध अंगात गेलं, ते संपतं का? आणि संपत असेल, तर टोचायचं तरी कशाला?"

श्रोतेहो, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, बरं का. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही तो स्वतःला विचारला आहे. आज आपण त्याचेच उत्तर पाहू.

लस म्हणजे काय? रोगाच्या जंतूची दुबळी केलेली किंवा मारलेली प्रत, त्याचा एखादा तुकडा, नाहीतर त्याच्या विषाचे निरुपद्रवी केलेले रूप. ती अंगात गेली, की शरीर तिला परकी म्हणून ओळखते आणि तिच्याविरुद्ध हत्यारे घडवू लागते. या हत्यारांना प्रतिपिंडे म्हणतात. ती रक्तात फिरतात आणि नेमक्या त्याच जंतूला किंवा विषाला जाऊन चिकटतात. रक्तातल्या या शक्तीचा शोध १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो या दोघांनी लावला.

प्रतिपिंडे लगेच तयार होत नाहीत. पहिल्यांदा लस टोचली, की ती रक्तात दिसू लागायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. पुढे काही आठवडे ती वाढतात, शिखर गाठतात आणि मग उतरू लागतात. आधी झपाट्याने, नंतर सावकाश.

इथे शिक्षक बंधुभगिनींनी फळ्यावर एक गणित मांडावे. आपल्या रक्तातली प्रतिपिंडे साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात. फळ्यावर १०२४ लिहा. मुलांना निम्मे करत जायला सांगा: ५१२, २५६, १२८... दहाव्या वेळी उरतो फक्त एक. दहा वेळा तीन आठवडे म्हणजे तीस आठवडे, सुमारे सात महिने. या हिशेबाने सात महिन्यांत लशीचा मागमूससुद्धा उरायला नको. पण घटसर्पाची किंवा गोवराची प्रतिपिंडे माणसाच्या रक्तात कित्येक वर्षांनीही सापडतात. मग ती येतात कुठून?

याचा अर्थ एकच. आत कोठेतरी कारखाना चालू आहे. हा कारखाना आहे आपल्या हाडांच्या मगजात. लस टोचल्यावर ज्या पेशी प्रतिपिंडे बनवू लागतात, त्यांतल्या बहुतेक थोड्याच दिवसांत मरतात. म्हणून आधीचा उतार मोठा असतो. पण काही मोजक्या पेशी मगजात मुक्काम करतात आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा माल काढत राहतात. म्हणून उतार पुढे सावकाश होतो.

याशिवाय दुसऱ्या एका जातीच्या पेशी उरतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. त्या प्रतिपिंडे बनवत नाहीत, पण जंतूची ओळख विसरत नाहीत. हे भिवंडीच्या कारागिराला चटकन समजेल. मागावर नवे कापड लावायचे, तर हजारो धागे एकेक करून फणीतून ओवावे लागतात. काम मोठे जिकिरीचे. पण एकदा ओवलेल्या धाग्यांची टोके तशीच राहू दिली, तर पुढच्या खेपेला नव्या बीमचे धागे त्यांना नुसते सांधायचे. माग लवकर चालू होतो. स्मृतिपेशी म्हणजे मागावर राखलेली ही टोके. तोच जंतू पुन्हा आला किंवा दुसरी मात्रा टोचली, की प्रतिपिंडे थोड्याच दिवसांत आणि पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त तयार होतात.

म्हणून रक्तातली प्रतिपिंडे कमी झाली म्हणजे लस वाया गेली, असे समजू नये. करोनाच्या वेळी हा गैरसमज फार झाला. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. पुढे काहींनी रक्त तपासून घेतले, आकडा उतरलेला पाहिला आणि घाबरले. काही महिन्यांनी संसर्ग टाळण्याची शक्ती घटली होती, हे खरे. पण आजार विकोपाला जाण्यापासूनचे संरक्षण त्याहून जास्त टिकले. वयस्कर आणि आजारी माणसांसाठी १० जानेवारी २०२२ पासून आणखी एक मात्रा देण्यात आली, ती हीच शक्ती पुन्हा चढवण्यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, ओळख राहतेच, तर धनुर्वाताची सुई पुन्हा पुन्हा का? याचे उत्तर रोगाच्या चालीत आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. शेतात पायाला काटा रुतला, खिळा लागला, की ते जखमेत शिरतात आणि विष बनवतात. हे विष इतके जहाल, की रोग होण्याइतके विषसुद्धा शरीराला ओळख पटवून द्यायला पुरत नाही. म्हणून धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस टोचावीच लागते. इथे केवळ ओळख कामाची नाही, तयार प्रतिपिंडे आधीच रक्तात हवीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात धनुर्वाताची प्रतिपिंडे सुमारे ११ वर्षांत आणि घटसर्पाची सुमारे १९ वर्षांत निम्मी होतात, असे आढळले. गोवराची मात्र जवळजवळ उतरतच नाहीत. म्हणून बाळाला दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना मात्रा दिल्यावरही दीड ते दोन वर्षांत आणि पाच-सहा वर्षांना पुन्हा टोचतात. आणि धनुर्वात-घटसर्पाची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी शाळकरी मुलांना देतात. गरोदर मातेला धनुर्वाताची लस देतात, कारण तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात.

मातेकडून मिळालेली ही प्रतिपिंडे म्हणजे बाळाची शिदोरी. पण शिदोरीमागे कारखाना नाही. फळ्यावरच्या आकड्यांसारखी ती घटतच जाते. गोवराच्या बाबतीत मोठा पेच इथेच आहे. लस फार लवकर टोचली, तर आईची प्रतिपिंडे लशीतल्या दुबळ्या विषाणूलाच मारून टाकतात आणि बाळ स्वतः काही शिकत नाही. फार उशीर केला, तर शिदोरी संपते आणि बाळ उघडे पडते. म्हणून आपल्याकडे पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तेव्हाही साधारण शंभरातल्या पंचाऐंशी बाळांनाच संरक्षण मिळते. उरलेल्या पंधरांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी मात्रा असते. आपले मूल पंचाऐंशीत आहे की पंधरांत, हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून दुसरी मात्रा सगळ्यांनाच. आशाताई वस्तीतल्या वहिनींना सांगत होती, ते यासाठी.

ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली. मुले दगावली. दाट वस्तीत राहणारी, एक किंवा दोन्ही मात्रा चुकलेली मुले तिच्या तावडीत सापडली. तेव्हा साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा मात्रा देण्याची सूचना केंद्र सरकारने केली. जिथे नऊ महिन्यांच्या आतली बाळेही बरीच आजारी पडत होती, तिथे सहा महिन्यांपासूनच एक मात्रा द्यावी, असेही ठरले. मात्र ही लवकरची मात्रा हिशेबात धरायची नाही. नऊ महिन्यांची आणि सोळा महिन्यांनंतरची, दोन्ही नंतर द्यायच्याच. कारण तेच, आईची शिदोरी.

कोणी म्हणेल, "गोवर होऊन गेला, की जन्माची निश्चिंती. होऊ द्या की!" निश्चिंती खरी आहे. फॅरो बेटांवर १८४६ साली गोवर आला, तेव्हा १७८१ च्या साथीत तो होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, असे पानुम नावाच्या डॉक्टरने नोंदवले आहे. पण या निश्चिंतीची किंमत भारी असते. गोवर न्यूमोनिया आणतो, डोळे नेतो, जीव घेतो. शिवाय तो इतर रोगांची ओळखही पुसतो. नेदरलँडमधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. गोवरानंतर त्यांची इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर आला, की मागावर राखलेली टोकेही कापून नेतो! लशीने तसे होत नाही.

तेव्हा मायबापहो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी राहिली तरी चालेल, पण मुलाचे लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या. कोणत्याही गावच्या सरकारी दवाखान्यात ते चालते. दुसरी, मात्रा चुकली म्हणून लाजून घरी बसू नका. सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जिथे तुटले, तिथूनच पुढे सांधता येते. शिक्षकांनी मूल शाळेत दाखल होताना त्याचे कार्ड एकदा पाहावे, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षाची सुई राहिली असेल, तर पालकांना आठवण द्यावी. रक्तातली प्रतिपिंडे डोळ्यांना दिसत नाहीत. कार्डावरची रिकामी चौकट मात्र कोणालाही दिसते.