बसून चालवायचा लॉनमोअर : सीटखालचं नव्हे, बॉनेटखालचं बघा

अमेरिकी घरांमागच्या हिरवळीवर फिरणाऱ्या या यंत्रांत बहुधा उभ्या शाफ्टचं पेट्रोल इंजिन असतं. शाफ्ट खालून बाहेर येतो. त्याच्या पुलीवरचे पट्टे पाती आणि चाकं फिरवतात. फरक पडतो तो पुढील बाबतींत :

● एक सिलिंडर : साधारण ५०० सीसी. सुटे भाग कमी, किंमत कमी. पण दोन फेऱ्यांत एकच स्फोट, म्हणून बुलेटसारखी धडधड.

● व्ही-ट्विन : ९० अंशांत दोन सिलिंडर, बऱ्याचदा ७०० सीसीच्या पुढे. कंप कमी, उंच ओल्या गवतातही दम टिकतो. प्लग मात्र दोन, खर्चही जास्त.

● साइड व्हॉल्व्ह : व्हॉल्व्ह सिलिंडरशेजारी. बनवायला स्वस्त, पण इंधन नीट जळत नाही. १९९७पासून अमेरिकेत लहान इंजिनांच्या धुरावर निर्बंध आले आणि ही रचना मागे पडली.

● ओव्हरहेड व्हॉल्व्ह : व्हॉल्व्ह हेडमध्ये. तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त ताकद. व्हॉल्व्हची फट वाढली, की स्टार्टर अर्धा फेरा मारून अडकतो. अशा वेळी नवी बॅटरी आणण्याआधी फीलर गेजने फट मोजावी.

● ऑइल : स्वस्त इंजिनांत ते नुसतं उडवलं जातं, महागड्यांत पंप आणि फिल्टर असतो. रोज तासन्‌तास गवत कापायचं असेल, तर पंपवालंच घ्यावं.