घड्याळ बिघडलेलं नाही, वेळच वेगळी आहे

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, सापेक्षतावाद म्हटलं की आपण जुळ्या भावांची गोष्ट सांगतो. यानातून फिरून आलेला तरुण राहतो, घरी राहिलेला म्हातारा होतो. मुलांना गंमत वाटते. पण एखादं चुणचुणीत पोर विचारतंच, "सर, हे कुणी मोजलंय का?"

हो, मोजलंय! त्यासाठी अणुघड्याळ लागलं. भिंतीवरच्या घड्याळात ठोके क्वार्ट्झचा स्फटिक देतो, अणुघड्याळात ठोक्यांवर लक्ष ठेवतो सीझियमचा अणू. त्याच्या ठरावीक लहरींची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासूनची.

१९७१ साली हाफेली आणि कीटिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अशी चार घड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिलं. पूर्वेच्या फेरीत ती सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली, तर पश्चिमेच्या फेरीत २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. घड्याळं तीच, मग असं का?

इथे पाठ्यपुस्तकी गोष्ट अपुरी पडते. वेगाने जाणारं घड्याळ हळू चालतं, एवढंच आपण सांगतो. पण उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथलं घड्याळ भरभर चालतं, हे राहूनच जातं. पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला जाणाऱ्या विमानाचा वेग तिच्या वेगात मिळवला जातो आणि पश्चिमेला जाणाऱ्याचा वजा होतो. उंचीचा फायदा मात्र दोघांनाही. म्हणून हा फरक.

जीपीएसच्या उपग्रहांवर हीच रस्सीखेच रोज चालते. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. म्हणजे निव्वळ ३८ पुढे. आता वर्गात फळ्यावर हा गुणाकार करून घ्या: प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, तर ३८ मध्ये किती? ११ किलोमीटरहून जास्त! उपग्रहापासूनच्या अंतराच्या हिशेबात रोज एवढी तफावत साठत जाईल.

गंमत म्हणजे खुद्द तज्ज्ञांमध्येही शंकेखोर होते. १९७७ मध्ये एनटीएस-२ हा चाचणी उपग्रह सोडला, तेव्हा त्यात सापेक्षतेची दुरुस्ती करणारं यंत्र बसवलं होतं, पण आधी ते बंदच ठेवलं. म्हटलं, बघू तरी खरंच लागतं का! सुमारे वीस दिवस मोजमाप केल्यावर घड्याळ जवळजवळ आइन्स्टाइनच्या हिशेबाइतकंच पुढे धावताना दिसलं, आणि मग ते यंत्र चालू केलं.

मुलं हमखास म्हणतील, "घड्याळच फास्ट असेल." त्यांना विचारा, मग खाली आणल्यावर ते बरोबर कसं चालतं? जीपीएसच्या घड्याळाचा मूळ ठोका तर जमिनीवरच मुद्दाम किंचित हळू ठेवतात, म्हणजे वर गेल्यावर ते आपल्या घड्याळांशी जुळतं.