काचेआडची गोळी : नशीब की हुनर?

मुलांच्या हाती खिळ्यांचा बॅगाटेल बोर्ड दिसला की घरातली वडीलधारी विचारतात, "हा जुगार तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्क शहरालाही तो पडला होता. तिथे १९४२ साली महापौर ला गार्डिया यांच्या काळात पिनबॉलवर बंदी आली. जप्त केलेली यंत्रे हातोड्यांनी फोडली गेली. तेव्हा हा खेळ बराचसा नशिबावर चाले. गोळी परतवणारे फ्लिपर १९४७ साली 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात आले आणि खेळाडूच्या हाती काहीतरी आले.

१९७६ साली रॉजर शार्प यांनी शहराच्या प्रतिनिधींसमोर खेळून दाखवले. गोळी कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगितले, दांडा ओढून सोडला आणि गोळी तिथूनच गेली. बंदी उठली. त्या फटक्यात नशिबाचाही वाटा होता, असे पुढे शार्प स्वतःच म्हणाले.

मग हुनर कशात आहे? ते पाहायचे तर कॅलिफोर्नियातील अलामेडा गावच्या पॅसिफिक पिनबॉल म्युझियमकडे वळू. तिथे एक पिनबॉल यंत्र आरपार दिसेल असे पारदर्शक बनवले आहे. बटण दाबताच तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहते, वेटोळे चुंबक बनते, लोखंडी दांडा आत ओढला जातो आणि फ्लिपर उसळतो. कलाकृती आणि विज्ञानाचा धडा, दोन्ही एकाच पेटीत.

गोळी पोलादी, साधारण ८० ग्रॅमची. टेबल सुमारे साडेसहा अंश कललेले असते. त्यामुळे उतारावर तिला गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम नववा हिस्सा ओढतो. म्हणूनच ती सावकाश खाली येते आणि आपल्याला विचार करायला वेळ मिळतो.

हे घरीही करून पाहता येते. पाटाच्या एका टोकाखाली एक पुस्तक ठेवा, गोटी सोडा. मग दुसरे पुस्तक ठेवा. गोटी कुठे पोहोचेल, ते मुलांना आधी सांगायला लावा.

पैसे लावले की तो जुगार झाला, यात आम्हाला शंका नाही. पण पैसा बाजूला ठेवून अंदाज बांधणे, चुकणे आणि पुन्हा मोजणे हा अभ्यासच आहे. तेव्हा बोर्ड काढून घेण्याआधी मुलांना एवढेच विचारा, "गोळी तिकडेच का गेली?"