मूठभर मातीतले सात एकर

पुण्यातल्या हडपसरमध्ये नव्या इमारतीसाठी खोदलेला खड्डा दिसला की मी थांबतो. त्याच्या उभ्या भिंतीत तीन पट्टे असतात. वर काळी माती, चढाकडे वीतभर आणि नदीच्या बाजूला कधी पुरुषभर. तिच्याखाली पिवळट-करडा मुरूम. तळाशी निळसर कातळ. पोकलेन काळा पट्टा आधी उचलतं, कारण काळ्या मातीवर पाया टिकत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्या ओढाताणीत भिंतींना तडे जातात. म्हणून ती डंपरमध्ये भरून दूर नेतात आणि मुरूम लागला की सगळ्यांना हायसं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका खड्ड्याच्या काठावरून मी दोन किलो ढेकळं घरी आणली. योगायोगाने त्याच आठवड्यात चंद्रपूर जिल्ह्यात नोकरी करणारा माझा मावसभाऊ आला होता. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याने तिकडची पिशवीभर माती आणली. ती तांबूस-पिवळी, बोटांत घेतली तर भुरभुरणारी. ती वालुकाश्म झिजून झालेली, माझी बेसाल्ट झिजून झालेली. दोन बाटल्या घेतल्या, तळाशी माती, वर दहा सेंटिमीटर पाणी. खळखळून हलवल्या आणि खिडकीत ठेवल्या.

मातीची ओळख पटवायची ही सगळ्यांत जुनी आणि सोपी रीत. मातीचे कण तीन आकारांचे धरतात. ०.०५ ते २ मिलिमीटर ती वाळू, ०.००२ ते ०.०५ तो गाळ, आणि त्याहून बारीक ते चिकणकण. कण जितका बारीक तितका तो सावकाश बुडतो, आणि हा सावकाशपणा वर्गाच्या हिशेबाने वाढतो. व्यास दहा पट कमी झाला तर वेळ शंभर पट. वाळूचा सर्वांत बारीक कण दहा सेंटिमीटर पाणी साधारण ४५ सेकंदांत उतरतो. दोन मायक्रॉनच्या चिकणकणाला तेवढ्याच अंतराला आठ तास लागतात. त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढ्या कणाला हिशेबाने ८०० तास, म्हणजे ३३ दिवस.

चंद्रपूरच्या बाटलीत मिनिटभरातच तळाशी जाड तांबूस थर बसला. हडपसरची बाटली काळीभोर राहिली. पण रात्री पाहतो तर तीही निवळलेली! मी गोंधळलो, मग लक्षात आलं. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, बोअरचं, जड. त्यातल्या कॅल्शियमने चिकणकणांचे पुंजके केले आणि ते पुंजके वाळूसारखे खाली गेले. दुसऱ्या वेळी फिल्टरचं पाणी घेतलं, चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला, आणि बाटली पुन्हा खिडकीत ठेवली. या सोड्याची गोष्ट पुढे येईल.

हे कण इतके बारीक असण्याचा अर्थ काय, तो आकड्यांत पाहिला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. काळ्या मातीतले चिकणकण मुख्यतः स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचे असतात. ही खनिजं म्हणजे पानांची चळत. एक पान जेमतेम एक नॅनोमीटर जाड, म्हणजे एका मिलिमीटरच्या जाडीत दहा लाख पानं. एकेक पान वर्तमानपत्राच्या कागदाएवढं जाड केलं तर त्या एका मिलिमीटरची चळत ७० मीटर उंच होईल, बावीस-तेवीस मजल्यांची. आणि पाणी प्रत्येक दोन पानांच्या मधे शिरतं. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमची सगळी पानं उलगडून पसरली तर ७०० ते ८०० चौरस मीटर भरतात.

आपली माती शुद्ध स्मेक्टाइट नाही. निम्मे चिकणकण धरू, त्यातही इतर खनिजांची भेसळ धरू, आणि हात आखडून ग्रॅममागे ३०० चौरस मीटर म्हणू. म्हणजे एका ग्रॅममध्ये जवळजवळ तीन गुंठे. मुठीत साधारण १०० ग्रॅम माती मावते. तिचं क्षेत्रफळ ३०,००० चौरस मीटर, म्हणजे सात एकरांवर.

इथे मला हॅरॉल्ड मान आठवले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हे प्राचार्य. त्यांनी पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने छापली. त्यांनी दाखवलं की १७७१ साली तिथल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन ४० एकर होती आणि वाटण्या होत होत १९१५च्या सुमारास ती सात एकरांवर आली. तिथल्या एका कुटुंबाचं पोट ज्या सात एकरांवर होतं, तेवढा पृष्ठभाग त्या कुटुंबातल्या कुणाच्याही मुठीत मावत होता.

गणित पुढे नेऊ. पाच ब्रासच्या एका डंपरमध्ये घट्ट भरलेली अशी माती असेल तर तिच्यात साडेपाच हजार चौरस किलोमीटर. पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे तीन डंपर. खोदलेली माती फुगते, म्हणून चार म्हणा. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. ते मावायला आठ गुंठे जमीन एक मीटर खोल पुरते. आठ गुंठ्यांत आमच्याकडे एक मध्यम इमारत उभी राहते. आणि मगरपट्टा? सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळजवळ ४०० एकर जमीन एकत्र करून २००० सालापासून उभी केलेली ती नगरी. ४०० एकरांवर एक मीटर खोल अशी काळी माती कल्पिली, तर तिच्यातला पृष्ठभाग ६० कोटी चौरस किलोमीटरांच्या वर जातो. समुद्र धरून सबंध पृथ्वी ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे.

हे वाचून वाटेल, एवढ्या पृष्ठभागाचा उपयोग काय? उपयोग असा की प्रत्येक पानावर ऋण विद्युतभार असतो, आणि त्या भाराला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, अमोनियम चिकटून राहतात. नाहीतर पहिल्याच पावसात ते वाहून गेले असते. मुळं तिथून त्यांना उचलतात. खोल काळ्या मातीच्या एका ग्रॅममध्ये अशा जागा किती? तीनवर वीस शून्यं. आपल्या जुन्या संख्यामालेची शेवटची पायरी परार्ध, एकावर सतरा शून्यं. म्हणजे एका ग्रॅमला तीन हजार परार्ध.

चंद्रपूरच्या मातीचं गणित केलं तेव्हा दोन खडकांमधला फरक डोळ्यांसमोर आला. नागपूरजवळच्या कामठीपासून सिरोंच्यापर्यंत गोंडवाना काळातला वालुकाश्म जागोजागी उघडा आहे, साधारण पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी पसरलेली वाळू. त्या वाळूचे दाणे मुख्यतः गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे. गार विरघळत नाही, कुजत नाही. दाण्यांना बांधणारं लोहाचं, चुन्याचं किंवा मातीचं सिमेंट तेवढं सुटतं आणि दाणे पुन्हा मोकळे होतात. म्हणून ही माती एका अर्थी जुनीच. कधी काळी वाळू, मग खडक, आता परत वाळू. तिच्यात थोडे गाळकण, थोडे चिकणकण मिसळले की पोयट्याची माती होते. शास्त्राच्या मोजमापात ७ ते २७ टक्के चिकणकण, २८ ते ५० टक्के गाळ आणि ५२ टक्क्यांपर्यंत वाळू असेल तर ती खरी पोयटा. वाळू याहून बरीच वाढली की वाळूमिश्रित पोयटा. चिकणकण २० टक्के आणि तेही मुख्यतः केओलिनाइट नावाच्या दुसऱ्या खनिजाचे धरले, तर ग्रॅममागे फार तर चार चौरस मीटर. मूठभर मातीत चार गुंठे. एकीकडे चार गुंठे, दुसरीकडे सात एकर!

बेसाल्टात गार नसतेच म्हटलं तरी चालेल. त्यातली खनिजं पाण्याने मुळापासून मोडतात, विरघळतात आणि त्यांच्यातून नवीन खनिजं जन्मतात. हडपसरच्या मातीतला चिकणकण खडकात कधीच नव्हता. तो इथल्या पावसाने घडवला. पुण्याच्या पूर्वेला वर्षाला जेमतेम सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून मोडलेल्या खनिजांतली सिलिका आणि चुना जागेवर राहतात आणि स्मेक्टाइट बनतं. तोच बेसाल्ट महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पावसात धुऊन निघतो आणि तिथे तांबडा जांभा होतो. खडक एक, अंतर शंभरेक किलोमीटर, आणि दोन मातींचा एकमेकींशी चेहराही जुळत नाही.

खडकाचं प्रमाणही ध्यानात घ्यायला हवं. दख्खनचा बेसाल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वर आला. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे आणि मूळ लाव्हा दहा लाख घन किलोमीटरांच्या आसपास असावा असा अंदाज करतात. तो सगळा एकट्या महाराष्ट्रावर ओतला असता तर तीन किलोमीटरांहून जाड थर झाला असता. त्यातल्या वरच्या काही मीटरांची माती झाली. खडकातून एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, बहुधा हजारभर. मीटरभर मातीला लाखभर वर्षं.

एवढं ऐश्वर्य असूनही काळी माती शेतकऱ्याला सुखाने पिकवू देत नाही, हे मला मांजरी गावच्या आत्याने शिकवलं. ती मोजकंच बोलते. "अरे, काळीत दोन दिवस आधी गेलास तर बैल रुततो, दोन दिवस उशिरा गेलास तर फाळ मोडतो." मधले जे थोडे दिवस, तो वाफसा. पोयट्याच्या मातीला पावसानंतर लवकर वाफसा येतो आणि तो टिकतो. काळीला उशिरा येतो आणि निसटतो. पाण्याचंही तसंच. मीटरभर खोल काळी माती तुडुंब भिजली की तिच्यात ४० सेंटिमीटर उंचीचं पाणी असतं, एकरी १६ लाख लिटर. दहा हजार लिटरचे १६० टँकर एका एकरात. पण पानापानांतलं पाणी ती इतकं घट्ट धरते की त्यातलं निम्मं मुळांना सुटतच नाही. वालुकाश्माची माती कमी साठवते, पण साठवलेल्यातलं बरंचसं मोकळ्या हाताने देते. चार गुंठेवालीचा हा गुण सात एकरवालीत नाही, आणि म्हणून कोणती माती चांगली या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देत नाही.

मातीला दर्जा लावायचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना. काळी, बरड, मुरमाड, पोयटा, मळई, चोपण ही नावं शेतकऱ्यांची. कंपनी सरकारच्या काळात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरपासून जमिनीची प्रतबंदी सुरू केली. मातीचे नऊ वर्ग, उत्तम वर्गाला १६ आणे, शेवटच्याला दोन. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे पुरे १६ आणे. खोली पाव-पाव हात कमी होत गेली की आणे उतरत जायचे. मग दोष पाहायचे. चुनखड, वाळसर, उतरवट, उपळवट, प्रत्येकाला वजावट. हाताने खणून, बोटांनी चुरून केलेलं हे वर्गीकरण मला आजही विलक्षण वाटतं, कारण मुख्यतः खोली आणि पोत या दोन गोष्टींतून त्याने मातीतल्या पाण्याचा अंदाज बांधला होता.

आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी वर्गीकरणात मातीचे १२ गण आहेत. आपली खोल काळी माती व्हर्टिसॉल गणात येते. निदान ३० टक्के चिकणकण, ऋतूप्रमाणे उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा, आणि आत माती मातीवर घासून झालेले गुळगुळीत तिरपे पृष्ठ या तिच्या खुणा. लॅटिनमधल्या ‘उलटणे’ या धातूवरून ते नाव पडलं, कारण वरची माती भेगांत पडते, खालची फुगून वर येते, आणि शेत स्वतःलाच नांगरत राहतं. खड्डा खणणाऱ्या इंजिनिअरच्या कोष्टकात मात्र हीच माती ‘सीएच’, म्हणजे फार दबणारी चिकणमाती. तो तिला काढून टाकतो आणि त्याच्या कामापुरतं त्याचं बरोबरच आहे.

आता सोड्याची गोष्ट. खडकवासल्याहून निघालेला मुठा कालवा हडपसरवरून पूर्वेला जातो, आणि त्याच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहिला. दख्खनच्या कालव्यांखाली भरमसाट पाणी आणि अपुरा निचरा यांनी कित्येक ठिकाणी जमिनी बिघडल्या. खालचे क्षार वर आले, पानांवरच्या कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली, आणि पुंजके सुटून एकेक कण वेगळा झाला. अशा मातीत पाणी मुरत नाही, हवा शिरत नाही. हीच चोपण. चिकटलेल्या भारांत सोडियम १५ टक्क्यांवर गेला की शास्त्रज्ञ तिला चोपण ठरवतात. नीरा आणि प्रवरा कालव्यांखालच्या मातीचा अभ्यास करून बसू आणि सिरूर यांनी १९३८ साली तिचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं, ते याच दुखण्यामुळे. माझ्या खिडकीतल्या बाटलीत चिमूटभर सोड्याने जे केलं, तेच एकरांच्या एकर शेतांत झालं होतं.

गावाच्या भाषेत वस्तीची जागा ती पांढरी आणि शेताची ती काळी. हडपसरची काळी माझ्या डोळ्यांदेखत पांढरी झाली. लोकांना घरं हवीत, मलाही हवं होतं. मी राहतो ती इमारतही काळीच्या जागीच उभी आहे. पण डंपर रस्त्यावरून जाताना मागे सांडलेली ढेकळं मी आता ओलांडून जातो, त्यांच्यावर पाय देत नाही.

तेराव्या दिवशी आत्या घरी आली. चंद्रपूरची बाटली केव्हाच निवळली होती, पाण्यातून खिडकीचे गज दिसत होते. हडपसरची अजून राखाडी होती. तिने ती उचलून उजेडाकडे धरली.

"अजून बसली नाही?"

"हिशेबाने अजून वीस दिवस," मी म्हणालो.

तिने बाटली न हलवता, दोन्ही हातांनी धरून, होती तिथे परत ठेवली.