चाल घोड्याची, तोल मुलाचा

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की तापीकाठचं सारंगखेडा घोड्यांनी भरून जातं. एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्यासोबतचा घोडेबाजार. १९९८ साली नंदुरबार वेगळा जिल्हा होईपर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे धुळे-जळगावकरांना ही यात्रा अजूनही घरचीच वाटते. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे रांगेने बांधलेले असतात. घेणारा आधी भोवरे बघतो, देवमण, पंचकल्याणी अशी शुभ मानलेली लक्षणं आहेत का ते पाहतो; मग दात, उंची, कानांची टोकं. ढोलावर नाचणाऱ्या घोड्याभोवती गर्दी हटत नाही. यातलं काहीच अंगी नसलेली, वयाने पोक्त, रुंद पाठीची, कुणी ओरडलं तरी न बिचकणारी एखादी घोडी मात्र तोबऱ्यात तोंड घालून बाजूला उभी असते. तिला भाव नसतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचाल आणि तोल बिघडलेल्या मुलाच्या उपचारासाठी घोडा निवडायची वेळ आली, तर जाणकार थेरपिस्ट नेमका तिच्यापाशी थांबेल.

कारण इथे कामाला येते ती घोड्याची संथ, साधी चाल. दुडकी नको, आणि ज्या रेवाल चालीसाठी शौकीन जादा पैसे मोजतात तीही नको. घोडा पावलापावलाने चालतो तेव्हा त्याची पाठ एकाच वेळी वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते, किंचित वळतेही. वर बसलेल्याची कंबर तशीच हलते. आपण स्वतः चालतो तेव्हा आपल्या कमरेची जी हालचाल होते, तिच्याशी ही हालचाल विलक्षण जुळते. जे मूल कधीच चाललेलं नाही, त्याच्या कमरेला आणि कण्याला चालण्याची लय घोड्यावर पहिल्यांदा कळते. घोडा मिनिटाला साधारण शंभर पावलं टाकतो. म्हणजे दहा मिनिटांत हजारभर वेळा धड कलतं आणि हजारभर वेळा ते सावरावं लागतं. व्यायामाच्या टेबलावर एवढं काम करून घ्यायचं तर मूल रडकुंडीला येईल. घोड्यावर ते हसत करतं.

सेरेब्रल पाल्सीत पुष्कळदा मांड्यांच्या आतले स्नायू ताठरतात आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. घोड्यावर बसलं की ते आपोआप फाकतात. शिवाय घोड्याचं शरीर आपल्यापेक्षा थोडं जास्त गरम असतं, ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास. ही ऊब आणि पाठीची हालचाल थेट पोचावी म्हणून पुष्कळदा खोगीर न घालता नुसती गादी बांधतात. २००३ साली अमेरिकेत सेरेब्रल पाल्सीच्या १५ मुलांवर एक छोटा अभ्यास झाला. काही मुलांना आठ मिनिटं घोड्यावर बसवलं, काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर. घोड्यावर बसलेल्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंमधला असमतोल कमी झाला. पिंपावरच्या मुलांत तसा फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, पण नुसतं पाय फाकून बसणं पुरत नाही, खाली जिवंत चाल लागते, हे त्यातून नेमकं दिसतं.

या उपचाराकडे जगाचं लक्ष गेलं ते डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांच्यामुळे. १९४४ साली, गरोदर असताना त्यांना पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोडेस्वारी त्यांनी सोडली नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून नजाकतीने चाली करून घेण्याच्या स्पर्धेत, त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवलं. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना दुसऱ्याचा हात लागत असे. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा रौप्य जिंकलं. त्यानंतर युरोप-अमेरिकेत अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं वाढत गेली आणि १९६९ साली ब्रिटन व अमेरिकेत त्यांच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या.

घोड्यासोबतचं सगळंच काम मात्र एका जातीचं नाही. हिप्पोथेरपीत सूत्रं प्रशिक्षित थेरपिस्टच्या हाती असतात. मूल स्वारी शिकत नसतं. घोडा कधी वळवायचा, कधी थांबवायचा, मुलाला उलटं तोंड करून कधी बसवायचं, हे थेरपिस्ट ठरवतो. उपचारात्मक स्वारीत मूल लगाम धरायला शिकतं. स्वमग्न मुलांना याचा उपयोग होतो, असं अमेरिकेतल्या २०१५च्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं. ६ ते १६ वयाच्या मुलांना दहा आठवडे स्वारी शिकवली, तेव्हा चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, बोलणं आणि मिसळणं वाढलं. तिसऱ्या प्रकारात माणूस घोड्यावर बसतही नाही. खरारा करायचा, चारा घालायचा, दोर धरून चालवायचं. घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी, त्यामुळे माणसाचा चेहरा तो बारकाईने टिपतो. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली २८ घोड्यांना रागीट आणि हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा पाहून घोड्यांच्या काळजाचे ठोके लवकर वाढले. मन कोमेजलेल्या माणसाला आपल्या आवाजाचा, हालचालीचा परिणाम समोरच्या जिवावर लगेच दिसतो, आणि त्याला स्वतःला सावरायला शिकायचं कारण मिळतं. मनाच्या या बाजूचा शास्त्रीय पुरावा अजून कच्चा आहे. बसण्याचा तोल आणि धडावरचा ताबा याबाबतचा त्याहून भक्कम आहे.

पुरावा असला तरी हे वाचून कुणी आपल्या मुलाला वरातीच्या घोड्यावर बसवू नये, असं कळकळीने सांगावंसं वाटतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. ते तपासल्याशिवाय घोड्यावरचा हिसका जिवावर बेतेल. खुबा निखळलेला असेल, फिट्स आटोक्यात नसतील, हाडं ठिसूळ असतील, तर डॉक्टर नकोच म्हणतील. धनुर्वाताची लस आणि डोक्याला हेल्मेट हवंच. घोड्याची ग्लँडर्सची तपासणीही हवी, कारण हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो.

हे सगळं आपल्याकडे परकं वाटायचं कारण नाही. साक्री-शिंदखेड्याच्या माळांवर मेंढ्या घेऊन फिरणारे ठेलारी आठवा. बिऱ्हाड घोड्यावर लादलेलं, त्यावर कोकरं, कधी घरातलं लहान मूल. मोटारींच्या भोंग्यांना सरावलेली, संथ चालीची ही बुटकी जनावरं. दोन्ही बाजूंनी मुलाला धरून चालणाऱ्यांचे हात सहज पोचतील अशी त्यांची उंची. खानदेशात घोडी आहेत, घोडं ओळखणारी माणसं आहेत, आणि धुळे-जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. पण व्यायामासाठी नाशिक-पुण्याच्या खेपा घालणं प्रत्येक आईबापाला झेपत नाही.

सुरुवातीला फार काही लागणार नाही: मऊ मातीचं कुंपण घातलेलं मैदान, चढायला उतरता ओटा, एक-दोन शांत घोडी, दोर धरणारा एक आणि बाजूंनी चालणारे दोघे. आठवड्यातून अर्धा तास, निदान दोन-तीन महिने. फिजिओथेरपिस्टने पागेत जाऊन घोड्याचे कान आणि पाय वाचायला शिकायचं. घोडं शिकवणाऱ्या चाबूकस्वाराने मुलाच्या मांडीतला ताठरपणा हाताने ओळखायला शिकायचं, आणि घोडी थकली हे आपल्याला आधी कळतं, तेव्हा थांबा म्हणण्याचा अधिकार आपला, हेही थेरपिस्टला सांगायचं.