भिंतीचे पोट पाहा!

भोरजवळच्या एका वस्तीत बैठक आटोपून आम्ही चहा घेत होतो. घर आज्याच्या काळातले, दगड-मातीचे. एक वयस्कर गवंडी भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "भाऊसाहेब, हिला पोट सुटलंय!" त्याच भिंतीशी नातवंडांची अंथरुणे रचलेली होती.

वाचकहो, पोट सुटते म्हणजे काय होते? जुनी जाड भिंत एकसंध दिसते. पण ती बहुधा दुपदरी असते. आत एक पदर, बाहेर एक पदर, मध्ये माती नि दगडाच्या कपच्या. पावसाने माती झिजते, पदर सुटतात. भूकंपाचा हादरा बसला की एक पदर घरात कोसळतो, दुसरा रस्त्यावर. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरात आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत दगड-मातीची घरे अशीच पडली. दोन्ही वेळा पहाट होती, माणसे झोपेत होती. जमीन हलली खरी, पण बहुतेकांचा जीव घेतला तो भिंतींनी!

आपण भोर-वेल्ह्याची माणसे कोयनेपासून फार दूर नाही. भोरला १८६९ चा राजवाडा आहे. वेल्ह्यात तोरणा आहे, राजगड आहे. राजगड तर २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. अशा वास्तू टिकवण्याचे शास्त्र आहे आणि त्यातले बरेचसे आपल्या घरालाही लागू पडते.

पहिला उपाय जोडदगडाचा. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड, उभ्या अंतरात दर दोन फुटांवर आणि आडव्या अंतरात दर चार फुटांवर हवा. जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून, टोके वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात. भोके एकेक करूनच घ्यावीत. फार फुगलेला भाग मात्र छताला टेकू देऊन उतरवावा व पुन्हा बांधावा. दुसरा उपाय, कुजलेले खांब-तुळया बदलून छत भिंतींना पक्के बांधणे. तिसरा, सांध्यात उगवलेली वड-पिंपळाची रोपे लहान असतानाच काढणे. आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या वास्तूला चुनाच वापरावा. सिमेंटने ओल आत कोंडते.

किल्लारीनंतर सरकारने गवंड्यांना हे काम शिकवले होते. गड-वाड्यांच्या दुरुस्तीवर दगड उचलणारे हात कष्टकऱ्यांचेच असतात. मग तिथले ज्ञान वस्तीत का येऊ नये? ग्रामसभेत उभे राहून मागा : जुनी शाळा, चावडी, समाजमंदिर आणि आमची घरे अभियंत्याकडून तपासून घ्या! वाडा वाचावा, पण वाड्याबरोबर वस्तीही वाचावी.

त्या रात्री आम्ही निघण्यापूर्वी घरातल्या आजींनी अंथरुणे उचलून समोरच्या खोलीत नेली. पाऊस सरला की गवंडीबाबा टेकू लावणार आहेत. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी तुम्हीही आपल्या भिंतीवर एकदा हात फिरवून पाहा.